नववा रकाना

चार्टवर नववा रकाना आहे, तोंड स्वच्छ केले.
तिथे मी खूण करते, प्रत्येक पाळीला एक.
एकोणीस वर्षं.
पेन अडलं तर चुटकीसरशी झटकून,
पुढच्या खाटेकडे चालता चालता.

तादाला आली म्हसरूळहून, विद्यापीठाचं पत्र घेऊन.
मलावीतल्या झोम्बाची नर्स.
आल्या आल्या तिने मला
प्रश्नावलीचं मराठी भाषांतर दिलं:
'आपण रुग्णाच्या मुखगुहेस किती मिनिटे देता?'
मुखगुहा. मला पांडवलेणी आठवली,
शाळेची सहल, आत वटवाघळांचा वास.
मी म्हटलं, पाच.
तिने लिहिलं, पाच.
मग पेन खाली ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाली,
सिस्टर, आमच्याकडे कुणी विचारलं असतं
तर मीही पाचच सांगितलं असतं.

तिच्या वॉर्डात रात्री साठ खाटा, दोघी नर्स.
अंग पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, सगळं नातेवाइकांनी,
आणि तोंड कुणाचंच नाही.
तोंडाला तिच्या भाषेत पाकाम्वा म्हणतात.
मी म्हणून पाहिलं. ओठ दोनदा मिटले.
मीही एक शिकवलं तिला,
तोंडाला पाने पुसणे.
अर्थ सांगता सांगता माझाच हात
नवव्या रकान्यावर जाऊन थांबला.

चौदा नंबर. ठकूबाई भोये, सुरगाण्याकडची.
अर्धांग. आठ दिवस शब्द नाही.
केसपेपरवर लिहिलंय, वाचा गेली.
डोळे मात्र सगळीकडे फिरणारे,
सलाइनच्या थेंबासोबत खाली येणारे.

आम्ही तिला कुशीवर घेतलं,
पाणी छातीत उतरू नये म्हणून.
तादालाने बॅटरी धरली.
मी गॉज बोटाला गुंडाळला, कोमट मिठाच्या पाण्यात बुडवला.
टाळूवर वाळलेला थर, गव्हाच्या कोंड्यासारखा.
जिभेवर पांढरी बुरशी.
हिरड्या मिसरीने काळ्या, चाळीसेक वर्षांच्या तरी.
आणि लुळ्या गालाच्या आत, खिशात ठेवाव्या तशा,
तीन गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या.
रक्तदाबाच्या. सकाळच्या, कालच्या,
परवाच्याही असतील.
चौथ्या रकान्यात मीच लिहिलं होतं, दिल्या.

तादाला काही बोलली नाही.
तिने घड्याळ पाहिलं, बावीस मिनिटं,
आणि फॉर्मवर कुठेच लिहिली नाहीत.

डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले, मग गप्प झाले.
गोळ्या कुटून नळीतून सुरू झाल्या.
आम्ही रोज दोनदा तोंड करत होतो,
तिची सून बघून बघून शिकली,
आमच्यापेक्षा हलक्या हाताने करायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी,
गॉज अजून माझ्या बोटालाच होता,
ठकूबाईने जीभ हलवली,
एकदा हवा, एकदा लाळ,
मग घोगरं, वाकडं, पण शब्दच:
'मिसरी आहा का गं बाय?'

सून रडायला लागली.
मी हसले, मग पदर नव्हता म्हणून
मास्कच्या आतच डोळे पुसायला गेले.
तादाला विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली.
मी सांगितलं. ती गंभीरपणे म्हणाली,
मिसरी देऊ नका.
आणि 'इतर' नावाच्या शेवटच्या ओळीत
ते तीन शब्द तसेच लिहून घेतले,
रोमन अक्षरांत, चुकीचे.

परवा ती गेली. तिचा अभ्यास छापून येईल,
त्यात नाशिक एक आकडा असेल.
काल रात्री वॉर्डात अडतीस पेशंट होते.
मी अकरा तोंडं केली.
अकराच खुणा केल्या.
बाकी चौकोन मोकळे सोडले,
पहिल्यांदाच, आणि हात थरथरला.

सकाळी इनचार्ज मॅडम चार्ट उलटत थांबल्या.
हे कोरं का?
मी तोंड उघडायच्या आत
चौदा नंबरवरून हाक आली.